नागफणीचा कापूस

लग्न होऊन मी चांदूर बाजारकडच्या त्या गावात आले आणि आठव्या दिवशी सासरची म्हैस मेली. मरायला तिच्याकडे सगळं वर्ष होतं, पण तिने माझाच आठवडा धरला. ती म्हातारी झाली होती, दोन महिन्यांपासून वैरणीला तोंड लावत नव्हती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी शेजारची काकू म्हशीचं विचारायला आली आणि जाताना माझ्या पायांकडे बघून गेली. दोन दिवसांत गावभर झालं की सून पांढऱ्या पायाची आहे. खरं म्हणजे त्या घरात माझ्याइतके काळे पाय कोणाचेच नव्हते.

माहेर माझं अकोटच्या बाजूचं. मी चौथीपर्यंत शिकले होते आणि मला तोंड होतं. त्या तोंडापायी दोन ठिकाणची बोलणी फिसकटली होती. तिसऱ्या ठिकाणी जमलं तेव्हा वडिलांनी बंडीत बसवताना एवढंच सांगितलं, की तिथे गेल्यावर तोंड बंद ठेव. मी आयुष्यात वडिलांचं जे थोडंफार ऐकलं, त्यात हे एक होतं. पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं.

सासरी भाजीपाला आणि झेंडू व्हायचा. विहिरीवर मोट होती, वांगी, मिरची, मेथी असायची आणि आठवड्याचा बाजार. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता आणि मोठी कचेरी नागपुरात होती. नागपूर आम्ही कोणी पाहिलं नव्हतं. आमच्या गावाला जग म्हणजे चांदूरचा बाजार आणि त्यापलीकडे अमरावती.

या भाजीच्या मळ्याला लागून नाल्याच्या अंगाला एक काळ्या जमिनीचा तुकडा होता आणि त्यात सासूबाईंची संत्र्याची बाग होती. बाग त्यांचीच म्हणायची, कारण घरात दुसऱ्या कोणाला ती नको होती. सासरे म्हणायचे, भाजी आठवड्याला हातात येते, संत्र्याची पाच वर्षं वाट कोण बघणार. सासूबाईंनी हातातल्या पाटल्या मोडून कलमं आणली. मोटेचं पाणी भाज्यांनाच पुरायचं, म्हणून पहिले तीन उन्हाळे त्यांनी डोक्यावर घागरी वाहून झाडं जगवली. त्यात त्यांची कंबर गेली. आणि पहिलं कलम लावलं त्या दिवशी त्यांनी नेम धरला, की आपल्या झाडाचं पहिलं फळ देवाला आणि दुसरं आपल्याला, तोवर संत्रं तोंडात घालायचं नाही. मी आले तेव्हा नेमाला तीन वर्षं झाली होती. बाजारात संत्र्यांच्या पाट्यांजवळून जाताना त्या दुसरीकडे बघत जायच्या.

बागेला कुंपण नागफणीचं होतं. ते कोणी लावलं नव्हतं. नागफणीला लावावं लागत नाही. तिचा एक फडा खाली पडला की त्याला मुळं फुटतात, वर्षभरात त्याचे पाच-सहा फडे होतात, त्यातला एखादा वाऱ्याने पडतो आणि तो पुन्हा तेच करतो. सासूबाईंची आजेसासू नवरी होऊन आली तेव्हा म्हणे कुंपण गुडघ्याएवढं होतं. मी पाहिलं तेव्हा पुरुषभर उंच होतं, आणि बंडी आडवी उभी राहील एवढं रुंद. दरवर्षी ते हातभर शेतात यायचं आणि दरवर्षी दिवाळीनंतर घरचे पुरुष ते हातभर मागे सारायचे. आजेसासूने ते जाळून बघितलं, पण आत सगळं पाणी, ते जळेना. पुरून बघितलं, तर उगवलं. शेवटी तोडून नाल्यात फेकलं. पुराने ते नाल्याच्या दोन्ही काठांना सारखं वाटून दिलं आणि पलीकडच्या पडीक जमिनीत नागफणीचं रान झालं. आजेसासू नागफणीला शिव्या देत गेली. नागफणी मरत नाही, हे आमच्या घरात रामायणाइतकं पक्कं होतं.

त्या कुंपणात फार वस्ती होती. तळाशी मुंगूस आणि ससे, त्यांच्यावर टपलेली धामण, मधल्या फटींत तित्तर, वर सरडे. तित्तर सकाळी बाहेर येऊन उदईवर, म्हणजे वाळवीवर, ताव मारायचे. फड्यांना लाल बोंडं लागायची, ती पाखरं खायची आणि आम्हीही खायचो. जीभ दोन दिवस लाल राहायची. पलीकडच्या रानात रानडुकरं होती. ती तिथे राहतात हे सगळ्यांना माहीत होतं आणि ती तिथे खातात काय, हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. शेजाऱ्याचं पोट भरलेलं असलं की त्याची कोणी चौकशी करत नाही.

म्हैस मेली ते वैशाखात. दिवाळीपर्यंत मी मान खाली घालून पाणी भरलं, भाकरी थापल्या, खुडणं-निंदणं केलं. हळदी-कुंकवाला मला कोणी बोलवत नव्हतं. नवरा बरा होता, पण तो बरा आहे हे कळायलाच सहा महिने गेले. तो बोलत नसे. सासूबाई बोलायच्या, पण झाडांशी.

दिवाळी झाली आणि एक दिवस सासूबाई बागेतून लगबगीने घरी आल्या. त्यांच्या कंबरेला ती लगबग झेपणारी नव्हती. ओट्यावर बसून त्यांनी सासऱ्यांना सांगितलं, "नागफनीले कापूस लागला."

आम्ही सगळे बघायला गेलो. विहिरीच्या कोपऱ्यावरच्या एका फड्यावर बोराएवढा पांढरा पुंजका होता. मऊ दिसत होता, कडेने तंतू सुटले होते. दुसऱ्या मुलखातल्या माणसाला ते बुरशीसारखं वाटलं असतं, जाळं वाटलं असतं. वऱ्हाडातल्या माणसाला पांढरं आणि मऊ काही दिसलं की तो कापूसच असतो. आणि कापूस म्हणजे लक्ष्मी. सासऱ्यांनी पागोटं सारखं केलं आणि हात जोडले. जी नागफणी शंभर वर्षं काटे देत आली, तिने कापूस दिला, म्हणजे घरावर कोणाची तरी कृपा झाली. कोणाची, यावर दोन दिवस गावात खल झाला. शेवटी असं निघालं की त्या घरात वर्षभरात नवीन एकच गोष्ट आली आहे, ती म्हणजे सून. म्हैस वजा झाली होती, ती धरायची नव्हती.

कापूस फुटला की वेचणीच्या आधी आमच्याकडे शेतात सीतादही करतात. बाया शेतात जातात, झाडाला हळद-कुंकू वाहतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मगच पहिलं बोंड खुडतात. त्याआधी कापसाला हात लावायचा नाही. आता हा कापूस नागफणीचा असला तरी कापूसच, त्यामुळे नागफणीची सीतादही करायचं ठरलं. गावातल्या वीसेक बाया आल्या. हळद-कुंकू वाहताना तिघींना काटे टोचले. नैवेद्य झाला आणि पहिलं बोंड कोणी वेचायचं असं निघालं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, सुनेच्या हाताने होऊ द्या.

मी पुढे झाले. सगळ्या बायांनी डोळे मिटून हात जोडले होते. मी चिमटीत पुंजका धरला आणि ओढला. तो आला नाही, फुटला. बोटं लाल झाली. काटा टोचला असं आधी वाटलं, पण दुखत नव्हतं. मी वाकून पाहिलं. त्या पांढऱ्या तंतूंच्या आत ढेकणासारखे गुबगुबीत किडे बसले होते, सोंडा फड्यात खुपसून. बोटांवर जे होतं ते त्यांच्या पोटातलं होतं.

माझ्या तोंडाशी शब्द आले. मग मागून कोणीतरी माझ्या पायांवर पाणी घातलं. वळून पाहिलं तर शेजारची काकू. सहा महिन्यांपूर्वी तिने ज्या पायांकडे बघून गावभर केलं होतं, तेच पाय ती तांब्याने धूत होती, आणि तिच्या मागे बाया ओळीने उभ्या होत्या. मी बोटं पदराला पुसली आणि उभी राहिले. वीस बायांनी माझे पाय धुतले. मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण फार बरं वाटलं.

जाताना प्रत्येक बाईने त्या कोपऱ्यातला एकेक फडा प्रसाद म्हणून नेला आणि आपापल्या कुंपणात खोवला. लक्ष्मी एकाच घरी कशाला ठेवायची?

त्यानंतर मी रोज विहिरीवर जाता-येता मोजायला लागले. चौथी शिकल्यामुळे मोजता येत होतं, फक्त मोजलेलं कोणाला सांगायचं नव्हतं. सीतादहीनंतर पंधरा दिवसांनी त्या फड्यावर पाच पुंजके होते. महिन्याने फडा पांढरा झाला आणि शेजारच्या तीन फड्यांवर ठिपके आले. संक्रांतीला तो सगळा कोपरा मोजण्यापलीकडे गेला. वाढीचं असं आहे, की ती लहान असते तेव्हा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, आणि भरते तेव्हा अर्ध्याच्या वर काम झालेलं असतं. गाव मात्र खूश होतं. दुसऱ्या घरांच्या कुंपणांनाही कापूस लागला होता. मला प्रत्येक हळदी-कुंकवाला पहिलं बोलावणं यायचं. माझ्या पायांना कोणी जरा म्हणून धूळ लागू देत नव्हतं.

रात्री विचार करायची तेव्हा मनाला समजवायची, की किड्याला नागफणी खाऊ दे. पिढ्यान् पिढ्या जिला कुऱ्हाड आणि विस्तव काही करू शकला नाही, तिला ढेकूण काय करणार? आणि समजा सांगितलं, तर मी पुन्हा म्हशीपाशी जाणार.

पावसाळ्यात सरींनी पांढरं सगळं धुऊन काढलं. गाव हळहळलं. लक्ष्मी रुसली, असं काकू म्हणाली आणि माझ्या पायांकडे पुन्हा बघायला लागली. मी मात्र मनातून सुटले. त्या पावसाळ्यात मी तांबड्या डागाचं ते लुगडं चार वेळा रिठ्याने घासलं. डाग गेला नाही.

नवरात्र सरलं आणि कापूस परत आला. या वेळी एका कोपऱ्यात नव्हता, गावातल्या प्रत्येक कुंपणात एकदम होता, कारण प्रत्येक कुंपणात आम्हीच तो नेऊन ठेवला होता. मार्गशीर्षात नाल्यापलीकडचं रानसुद्धा दुरून पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, वावरासारखं दिसायला लागलं. मग फडे पिवळे पडले, मग मऊ पडले, मग पुरुषभर उंच कुंपण खाली बसलं. तेव्हा तरी कोणी घाबरावं की नाही? पण कापूस निघाला की पऱ्हाटी वाळते, हे आमच्याकडे लहान पोराला कळतं. नागफणीनेही कापूस दिला, आता ती वाळणार, यात नवल काय. होळीला गावाने वाळलेली नागफणी पेटवली. ती धडाधडा जळली. आजेसासूला बघायला मिळालं असतं तर तिचा जीव थंड झाला असता.

उन्हाळ्यात चिखलदऱ्याकडे निघालेला शेतकी खात्याचा एक माणूस आमच्या गावात पाणी प्यायला थांबला आणि रिकाम्या धुऱ्यांकडे, शेतांच्या उघड्या बांधांकडे, बघत राहिला. पारावर लोक जमले. त्याने सांगितलं, की हा कापूस नव्हे, किडा आहे. लांब दक्षिणेकडे नागफणी मारायला म्हणून तो मुद्दाम सोडला होता आणि मजल दरमजल करत इकडे आला. पण एवढ्या झटपट एखादं गाव साफ झालेलं त्याने कुठे पाहिलं नव्हतं. तुम्ही हे कसं केलं, असं त्याने विचारलं. सीतादहीचं कोणी सांगितलं नाही. मग सासऱ्यांनी विचारलं, की हा किडा आता आमच्या संत्र्याला लागेल का? तो म्हणाला, नाही, हा नागफणीशिवाय दुसरं काही खात नाही, नागफणी संपली की तोही उपाशी मरेल. तो अगदी खरं बोलला होता. त्या किड्याने संत्र्याच्या एका पानालाही तोंड लावलं नाही.

महिन्याभराने गावाच्या नावाने शाबासकीचा कागद आला. तो पारावर वाचून दाखवला गेला. मी घाबरून होते, पण गावाने असं ठरवलं, की लक्ष्मी किड्याच्या रूपाने आली आणि प्रत्येकाला हातभर जास्त जमीन देऊन गेली. माझे पाय शाबूत राहिले.

त्या वर्षी बागेचा पहिला बहार धरायचा होता. संत्र्याचा बहार धरायचा म्हणजे आधी झाडाला ताण द्यायचा. अक्षय्य तृतीयेपासून पाणी तोडायचं, पानं मलूल होईपर्यंत झाडाला उपाशी ठेवायचं आणि मृग लागला की पाणी द्यायचं. झाड घाबरतं आणि फुलतं. ज्या झाडांना तीन उन्हाळे घागरी घातल्या, त्यांनाच तहानलेलं बघायचं सासूबाईंच्या जिवावर आलं होतं. रोज बागेत जाऊन त्या झाडांची समजूत काढत होत्या. पण आषाढात बाग पांढरी झाली, या वेळी खऱ्या फुलांनी. वास घरापर्यंत यायचा. दिवाळीत झाडांना लिंबाएवढी हिरवी फळं होती आणि सासूबाईंनी नेमाला शेवटचे तीन महिने उरल्याचं मला स्वतःहून सांगितलं. झाडांशी बोलाव्यात तशा त्या माझ्याशी बोलल्या, ते पहिल्यांदा.

बागेला कुंपण म्हणून आता बोरी-बाभळीच्या काट्या लावल्या होत्या. त्यांना उदई लागली. आधी उदई अशी फोफावत नसे, पण आता तित्तर नव्हते. फटींतून बकऱ्या यायला लागल्या, त्यांना हाकलणं हे माझं काम झालं. ससे आले, त्यांनी खोडांच्या साली कुरतडल्या. आम्ही खोडांना चुना फासला. हे सगळं चालण्यासारखं होतं.

नाल्यापलीकडे डुकरं होती. त्यांचं घर गेलं होतं आणि बोंडांचं ताटही गेलं होतं. लोक म्हणत होते, की डुकरं मेळघाटातून उतरली. मेळघाटातून कोणी उतरलं नव्हतं. ती आमची जुनी शेजारी होती, एवढी वर्षं गुपचूप नागफणी खाऊन राहिलेली. पहिल्यांदा एक डुकरीण आणि तिची सात पिल्लं काकूच्या भुईमुगात दिसली. भुईमूग खाऊन डुकरं धष्टपुष्ट झाली. आणखी पिल्लं दिसायला लागली. पुरुष माळ्यावर बसून डबे वाजवायचे, तर डुकरं ज्या वावरात डबा वाजत नाही तिथे जायची. किड्याचं पाहिलं होतं, आता डुकरांचं पाहत होते. खाणारा कोणीही असो, समोर ताट आहे तोवर तो वाढतच जातो.

आमच्या बागेत झाडांच्या रांगांमध्ये रताळी लावली होती. तीही सासूबाईंनीच लावलेली, झाडं मोठी होईपर्यंत जमीन रिकामी कशाला ठेवायची म्हणून. दिवाळीनंतर रताळी पोसली. मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी बकऱ्या बघायला गेले, तर बाग नांगरल्यासारखी उलटी झालेली. डुकरांना संत्र्याचं काही घेणं नव्हतं. त्यांनी रताळ्यांसाठी जमीन उकरली आणि झाडांची मुळं मध्ये आली म्हणून बाजूला केली. झाडं आडवी पडली होती आणि हिरवी फळं अजून फांद्यांना धरून होती. विहिरीच्या कडेला रताळी नव्हती, तिथली नऊ झाडं तेवढी उभी होती, पण विहिरीच्या ओलीमुळे त्यांना ताण बसला नव्हता आणि त्या बहारात फळही धरलं नव्हतं.

सासूबाई माझ्या मागून आल्या.  एक आडवं झाड धरून उभं करायला लागल्या, ते उभं राहिना. दुसरं धरलं. त्यांची कंबर मला माहीत होती, म्हणून मी जाऊन झाडाला खांदा लावला, आणि त्यांच्याकडे बघायचं नाही म्हणून झाडाकडे बघत बोलले.

"आत्याबाई, तो कापूस नव्हता. मले पह्यल्याच दिशी समजलं होतं. मी बोलली नाई."

त्या माती दाबत राहिल्या. मग म्हणाल्या, "मले बी."

मी झाड सोडून दिलं. त्यांनी ते पुन्हा धरलं.

"तू पदराले बोटं पुसली ते मी पाह्यलं, अन मंग त्या फड्यावरले किडे बी. कुंकू पान्यानं जाते. तुया पदरावरचा डाग अजून तसाच हाय."

"मंग तुमी काहून नाई बोलल्या?"

"काय बोलू? बाया तुये पाय धुवून राह्यल्या होत्या. सा महिने तू या घरात मान वर नोती केली." त्यांनी मातीवर पाय दिला, घट्ट केली. "अन नागफनी मरते हे कोनाले मालूम होतं? म्या म्हनलं, किडा हाय, खाऊ दे. किती खाईन?"

मी रडले. त्या रडल्या नाहीत. त्यांनी वाट बघितलेल्या पाच उन्हाळ्यांचं आता काय करायचं, ते मला सुचत नव्हतं, आणि गप्प राहून त्यांनी ते माझ्यासाठी दिले होते, हेही मला तेव्हाच कळत होतं. आम्ही दोघींनी दुपारपर्यंत अकरा झाडं उभी केली. त्यांतलं एकही जगलं नाही.

संध्याकाळपर्यंत काकू येऊन गेली. माझे पाय पुन्हा पांढरे झाले. या वेळी ते ऐकायला सासूबाई ओट्यावर होत्या. त्यांनी काकूला तिच्या भुईमुगाचं विचारलं आणि तो कोणाच्या पायांनी गेला, तेही विचारलं. काकू घरी गेली.

पुढच्या पावसाळ्यात नाल्याच्या काठाला, चिखलात, नागफणीचा एक कोवळा फडा उगवलेला मला दिसला. कुठलं तरी मूळ राहिलं असेल. मी घरी सांगितलं. नवऱ्याने कुऱ्हाड उचलली आणि सासूबाईंनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. दुसऱ्या दिवसापासून बागेत जाताना त्या नाल्यापर्यंत उतरायच्या आणि उघडीप असली की त्या फड्याच्या बुडाला तांब्याभर पाणी घालायच्या. नागफणीला पाणी घालणारी बाई गावाने आजवर पाहिली नव्हती. लोक म्हणाले, बाग गेल्यामुळे त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला. त्या फड्याचे हिवाळ्यापर्यंत चार फडे झाले. सासूबाईंनी दोन तोडून बागेच्या कोपऱ्यांत लावले. वाढ कशी होते ते त्यांना माहीतच होतं.

विहिरीकाठच्या नऊ झाडांनी दुसऱ्या बहारात फळ धरलं. माघात ते पिकलं. सासूबाईंनी पहिलं संत्रं देवापुढे ठेवलं आणि दुसरं घेऊन त्या बागेत धुऱ्यावर बसल्या. मी तेव्हा कोपऱ्यावरच्या नव्या नागफणीपाशी होते. रोज बघत होते, त्या सवयीने बघितलं. खालच्या फड्याच्या मागच्या बाजूला मोहरीएवढा पांढरा ठिपका होता.

मी तो चिमटीत धरून चिरडला. मग आजूबाजूचे सगळे फडे उलटसुलट करून पाहिले, आणखी दोन सापडले, तेही चिरडले. या वेळी बोटं पदराला पुसली नाहीत. तशीच घेऊन धुऱ्यावर गेले आणि सासूबाईंच्या समोर हात पुढे केला.

त्यांनी माझी बोटं बघितली. तीन ठिपके होते, एवढंच मी सांगितलं. संत्रं सोलून झालं होतं आणि एक फोड त्यांच्या तोंडात होती, जवळजवळ सात वर्षांतली पहिली. त्या सावकाश चावत होत्या. हात धुवायला म्हणून मी विहिरीकडे वळले, तर त्यांनी मला मनगटाला धरून खाली बसवलं आणि उरलेलं अर्धं संत्रं त्या लाल हातावर ठेवलं.

"हात मंग धुजो," त्या म्हणाल्या. "आंदी हे खा. आंबट हाय."